बहुमताने ठरलेला खुनी

बाबा गेल्यानंतर आईने पहिल्यांदाच काहीतरी मागितलं, आणि तो होता एक खून.

सिनेमातला. बसस्टॉपवर त्याचं भलंमोठं पोस्टर लागलं होतं. डोंगरावरचं जुनं हॉटेल, त्याच्या जिन्यावर ओळीने उभी असलेली अकरा माणसं, आणि सगळ्यांचे कपडे इतके झकास की यांच्यापैकी एकाला खून करायला सवड तरी कधी मिळाली असेल असा प्रश्न पडावा. सिनेमाचं नाव लांबलचक होतं, पण आमच्या भागात सगळे त्याला नुसतं 'हॉटेल' म्हणायचे. औषधं घेऊन येताना आई त्या पोस्टरसमोर थांबली. चष्मा वर सरकवून तिने अकराही जणांकडे एकेक करून पाहिलं, भाजी निवडताना पाहते तसं, आणि म्हणाली, "हा बघायला हवा."

आठ महिने या बाईला काहीच नको होतं. ताट वाढलं की जेवायची, दिवा घालवला की झोपायची. काही विचारलं की "तुला हवं ते कर." तिच्या तोंडून 'हवा' हा शब्द ऐकल्यावर तो कुठे उडून जायच्या आत आपण काहीतरी केलं पाहिजे, असं मला वाटलं. केलं ते एवढंच की ठरवलं, आईला हा सिनेमा दाखवायचा आणि नीट दाखवायचा.

नीट म्हणजे काय, ते सांगायला हवं. बाबांना रहस्यपटांचं वेड होतं आणि ते बघताना गप्प बसायचं नाही हे दुसरं वेड होतं. मध्यंतरात ते खुनी सांगून मोकळे होत. सिनेमाहून परत आल्यावर दारात चपला काढता काढता आई दर वेळी तेच म्हणायची, "ह्यांच्याबरोबर सिनेमा बघण्यात काही अर्थ नाही. अर्ध्यातच खुनी सांगून टाकतात." बाबा पंख्याखाली बसून हसायचे. मी त्यांच्याबरोबर कधीच गेले नाही. मी वाचणारी मुलगी होते आणि वाचणाऱ्या मुलींना असल्या सिनेमांबद्दल जे वाटतं तेच मला वाटायचं. पुढे ग्रंथालयातच नोकरीला लागले. पुस्तकाचं पान दुमडणारा आणि गोष्टीचा शेवट आधी सांगणारा, या दोघांना एकाच कोठडीत ठेवावं असं माझं ठाम मत आहे. तेव्हा मी मनाशी पक्कं केलं, जन्मात एकदा तरी आईने शेवट माहीत नसताना शेवट बघायचा.

इतकी साधी गोष्ट. पण साध्या गोष्टीत कधी पडू नये.

पहिली अडचण तिकिटांची. 'हॉटेल' तुफान चालला होता. रविवारी दुपारचा खेळ आईला सोयीचा, आणि तिच्या गुडघ्यामुळे कडेचीच खुर्ची लागणार. अशी जागा मिळाली ती थेट पुढच्याच्या पुढच्या रविवारी. एका रांगेच्या टोकाला तीन खुर्च्या शिल्लक होत्या. मी त्यातल्या दोन घेतल्या तर मोबाइल म्हणे, असं करता येणार नाही. कारण देईना. शेवटी मी स्वतः सिनेमागृहाच्या खिडकीवर गेले. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं की दोन घेतल्या तर एक खुर्ची एकटी राहते आणि सिस्टिमला एकटी खुर्ची चालत नाही.

मी म्हटलं, राहू दे की, येईल कोणीतरी एकटं.

"एकटं कोणी येत नाही, मॅडम," त्या म्हणाल्या.

यावर बोलण्यासारखं माझ्याजवळ बरंच होतं, पण मागे रांग होती. मी तिन्ही तिकिटं घेतली.

तिसऱ्या खुर्चीचा प्रश्न मी सोडवायच्या आत तो समोरच्या काकूंनी सोडवला. समोरच्या काकू म्हणजे आमच्या दारासमोरचं दार. आमच्या घरात दूध उतू गेलं तरी त्यांना आमच्या आधी कळतं. तिकिटांचं कळल्यावर त्या म्हणाल्या, मी येते. मी म्हटलं, काकू, तुम्ही तर बघितलाय. त्या म्हणाल्या, दोनदा. म्हणूनच म्हणते, तुम्हाला काही अडलं तर मी आहेच. मी त्यांना हात जोडून बजावलं की आईजवळ त्या सिनेमाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. जड वस्तू उचलल्यावर दिसतो तसा त्यांचा चेहरा दिसायला लागला आणि पुढे तो तसाच राहिला.

त्या दिवसापासून मी घराला वेढा घातला. सकाळी आई उठायच्या आत वर्तमानपत्र घेऊन बसायचं आणि 'हॉटेल'चा जिथे उल्लेख असेल तो तुकडा कात्रीने कापायचा. पेपरला खिडक्या पडल्या. आईचं शब्दकोडं नेमकं परीक्षणाच्या मागच्या बाजूला होतं, ते गेलं. आडवे शब्द उरले, उभे कचऱ्यात. तिचा मोबाइल मी दुरुस्तीला दिलाय असं सांगून ग्रंथालयात माझ्या कपाटात ठेवला; तिथे तो दिवसभर टुणटुणायचा आणि वाचक माझ्याकडे बघायचे. रेडिओचं बटण काढून ठेवलं. बसस्टॉपवर लोक बोलतात म्हणून आम्ही लांबच्या रस्त्याने जायला लागलो. आई काही विचारत नव्हती, पण एकदा मी आंघोळ करून येताना ती दारात काकूंना हळूच सांगत होती, "हिला बाबांचं फार लागलंय हो. कागद कापत बसते."

दुपारी काकू मला एकीकडे घेऊन म्हणाल्या की मोकळेपणाने रडून घ्यावं, कात्री वाईट.

उदात्त कार्य करणाऱ्याला गैरसमज सोसावेच लागतात, असं मी बऱ्याच थोरांच्या चरित्रांत वाचलेलं आहे. मात्र त्या थोरांवर दातांच्या डॉक्टरांकडे जायची पाळी आल्याचं कुठे वाचलेलं नाही.

आईच्या दाढेवर टोपी बसवायची होती. आमचे दातांचे डॉक्टर फार सज्जन आणि फार बोलके. त्यांच्या गोष्टीत आजवर कोणी अडथळा आणलेला नाही, कारण अडथळा आणणाऱ्याच्या तोंडात कापूस असतो. मी बाहेर बाकावर बसले होते. आतून यंत्राची घरघर आणि तिच्या वरच्या पट्टीत डॉक्टरांचा आवाज आला, "मावशी, परवा 'हॉटेल' पाहिला. काय सिनेमा आहे. ती लिफ्ट अडकते दोन मजल्यांच्या मध्ये, आत मालकाचं प्रेत, आणि मग..."

पुढचं ऐकायच्या आत मी गाल धरून आत शिरले आणि म्हटलं, डॉक्टर, माझी दाढ, आत्ताच्या आत्ता.

डॉक्टरांनी आईचं काम आटोपतं घेऊन तिला बाहेर बसवलं आणि मला खुर्चीत घेतलं. माझी दाढ उत्तम होती. पण दातांच्या डॉक्टरांनी शोधलं की काहीतरी सापडतंच. इंजेक्शन दिलं, अर्धा चेहरा माझा राहिला नाही, आणि डॉक्टरांनी गोष्ट जिथे सोडली होती तिथून उचलली. मी मान हलवून नको म्हणायला लागले. ते म्हणाले, हलू नका. मी डोळे मोठे केले. त्यांना वाटलं उत्सुकता. "खुनी कोण, ते तर तुम्हाला जन्मात ओळखता येणार नाही," असं म्हणून त्यांनी ते सांगण्यासाठी श्वास घेतला, आणि मी त्यांचं बोट चावले.

बधिर झालेल्या तोंडाने चावलं की किती जोरात चावलं ते चावणाऱ्याला कळत नाही. एवढंच मला माझ्या बचावात म्हणायचं आहे.

संध्याकाळपर्यंत आमच्या इमारतीत सगळ्यांना कळलं की तिसऱ्या मजल्यावरची ग्रंथालयवाली माणसांना चावते. सेक्रेटरी चौकशीला आले. सेक्रेटरी म्हणजे आमच्या सोसायटीचे, आणि त्याआधी आयुष्यभर एका कचेरीत दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका काढायचं काम केलेले. मी त्यांना जिन्यातच गाठलं आणि बधिर तोंडाने जमेल तेवढं खरं काय ते सांगितलं. आई, बाबा, आठ महिने, शेवट. ते गंभीर झाले. म्हणाले, हा प्रश्न एका दाताच्या डॉक्टराचा नाही. इमारतीत एवढी बिऱ्हाडं आहेत, कोणीही कधीही बोलून जाईल. याला सामुदायिक पातळीवरच हात घालायला हवा.

मी नको नको म्हणत होते, पण तोंड बधिर असताना 'नको' बरंचसं 'हो'सारखं ऐकू येतं असं दिसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई झोपलेली असताना खाली सायकली ठेवतात तिथे सभा भरली. एरवी पाण्याच्या टाकीसाठी बोलावलं तर चार टाळकी जमतात. आज सगळे होते. सगळ्यात मोठा धोका समोरच्या काकू, म्हणून सेक्रेटरींनी आधी त्यांच्याकडून सभा संपेपर्यंत तोंड न उघडण्याचं वचन घेतलं. मग घसा साफ केला.

"विषय एकच," ते म्हणाले. "'हॉटेल' या सिनेमात खून डॉक्टरने केला आहे, ही गोष्ट तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना कोणीही कळू द्यायची नाही."

मग ज्यांच्याकडे त्या आठवड्याची तिकिटं होती ते सगळे एकदम बोलले. सेक्रेटरी शांत होते. काय सांगायचं नाही हेच माहीत नसेल तर माणूस ते न सांगणार कसा, असा त्यांचा सवाल होता. मी एका सायकलीच्या सीटवर हात ठेवून उभी होते. आता मला शेवट माहीत होता. आईला तो कळू नये म्हणून मी दाढ दिली होती आणि तो मलाच कळला होता.

तेवढ्यात तळमजल्यावरचे शिंपी म्हणाले, डॉक्टर कसा, माझा मेहुणा तर हॉटेलचा मॅनेजर म्हणत होता. सेक्रेटरींनी विचारलं, मेहुण्याने सिनेमा पाहिलाय का. शिंपी म्हणाले, नाही, पण त्याच्या मित्राने पाहिलाय. तुमचं काय? सेक्रेटरींनी सांगितलं की त्यांची माहिती जावयाकडून आलेली आहे आणि जावई जबाबदार हुद्द्यावर आहे. वाद वाढला. काय सांगायचं नाही याबद्दल सभेत दोन मतं असणं बरं नव्हे, म्हणून शेवटी हात वर करून मतदान झालं. मॅनेजरला थोडी मतं पडली. डॉक्टर बहुमताने खुनी ठरला.

समोरच्या काकूंचा हात दोन्ही वेळा वर होता. दोन्हीकडे मत दिलं म्हणून सेक्रेटरींनी ते बाद केलं. सभा संपली, लोक पांगले, तरी त्यांचा हात वरच होता. मला वाटलं, टाकीबद्दल काही विचारायचं असेल.

रविवार उजाडला. आईने इस्त्रीची साडी नेसली, किती दिवसांनी. आम्ही तिघी सिनेमागृहात आमच्या तीन खुर्च्यांवर बसलो, आई टोकाला, मध्ये मी, पलीकडे काकू. दिवे गेले आणि मी सुटकेचा निःश्वास सोडला. वेढा यशस्वी झाला होता. आता जगातली कुठलीही शक्ती आईपर्यंत शेवट आधी पोहोचवू शकत नव्हती.

सिनेमा देखणा होता, नाही म्हणत नाही. काय ते गालिचे, काय ती झुंबरं. हॉटेलचा मालक लिफ्टमध्ये मेलेला सापडतो, वादळामुळे रस्ता बंद, आणि अकराही पाहुणे एकमेकांकडे इतक्या सुंदर प्रकाशात संशयाने बघतात की संशय घ्यावा तर असाच घ्यावा. हिरव्या झग्यातली गायिका होती, जुळे भाऊ होते, एक पियानोवाला होता जो वाजवायचा कमी आणि बोटं चोळायचा जास्त. डॉक्टर पडद्यावर आला की मी नजर झुंबरांकडे वळवायचे. तो बिचारा सगळ्यांना झोपेच्या गोळ्या देत फिरत होता.

मध्येच मी आईकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती, पण बसच्या खिडकीतून बघतात तसं. काही चुकत होतं.

मध्यंतर झालं. दिवे लागले. काकू जागेवरच ओठ घट्ट मिटून बसल्या. आई थोडा वेळ थांबली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मग? सांग की."

"काय?"

"खुनी कोण ते."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी म्हटलं, "तुला तर आवडायचं नाही ना, बाबांनी सांगितलेलं."

"कोण म्हणालं?"

"तूच. दर वेळी. दारात चपला काढताना."

"ते म्हणायचं असतं गं," आई म्हणाली. "त्यांचं एकदाही बरोबर आलं नाही. आयुष्यात एकदाही. एकदा तर ज्याचा खून झाला होता त्यालाच खुनी ठरवून बसले. पण सांगायचे असे की वाटावं, ह्यांच्यासमोरच झालाय. मग शेवट बघायला काय मजा यायची. आणि घरी येईपर्यंत रस्ताभर मला पटवायचे की ह्यांचंच बरोबर आणि सिनेमावाला चुकला. एका तिकिटात दोन सिनेमे व्हायचे."

पुढच्या रांगेतलं कोणीतरी पाय पसरून हसत होतं.

"आता मध्यंतर झालं आणि बाजूने कोणी बोलेना," ती म्हणाली. "मला पुढचं बघवेल असं वाटत नाही."

मी ग्रंथालयात इतकी वर्षं आहे. अमुक विषयावर काय वाचू, असं विचारत लोक येतात आणि मला बहुतेक वेळा सांगता येतं. त्या क्षणी एवढंच कळत होतं की चुकीचं नाव सांगायचं आहे आणि लगेच सांगायचं आहे. डॉक्टर सोडून कोणीही. मी अकरा जणांतलं सगळ्यात अशक्य माणूस शोधलं. मधुचंद्राला आलेली एक नवरी होती. तिने अख्ख्या पूर्वार्धात हरवलेली सँडल शोधण्यापलीकडे काहीही केलं नव्हतं.

"ती नवरी," मी म्हटलं.

"ती?" आईने भुवया वर केल्या. "ती कशी असेल?"

"ती कशी नसेल ते विचार. मघापासून एक सँडल शोधतेय. दुसरी कुठे आहे, कोणी विचारलं? एका पायाने कोण फिरतं हॉटेलात? पहिली सँडल लिफ्टच्या दारात अडकली, म्हणून लिफ्ट अडकली. सरळ आहे."

हे मी कुठून बोलले देव जाणे. पण आवाज चढला होता आणि हातही हलत होते. पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून बघितलं. माझ्या पलीकडे समोरच्या काकूंना एकदम असा ठसका लागला की कोणीतरी त्यांना पाणी आणून दिलं. मी मनात म्हटलं, हसू आवरत नाहीये बाईंना, म्हणजे जमलं.

"काहीतरीच," आई म्हणाली. "पियानोवाला आहे तो. बोटं बघ त्याची." आणि खुर्चीत पुढे सरकून बसली.

उत्तरार्ध तिने असा पाहिला की मी पडदा सोडून तिच्याकडेच बघत होते. पियानोवाला आला की ती माझ्या हातावर थाप मारायची. नवरी आली की नाक उडवायची. डॉक्टर मध्येच मेला. मी जरा सावरून बसले. बहुमताने निवडलेला माणूस असा मध्येच गेल्यावर पुढे काय, हे मला कळेना. पुढे वादळ थांबलं, सगळे दिवाणखान्यात जमले, लिफ्ट वर आली, आणि तिच्या दाराच्या फटीतून पाहुण्यांतल्याच तपास करणाऱ्या एका बाईने दोन बोटांनी जे बाहेर काढलं ती एक लाल सँडल होती.

दिवे लागले. आईने माझ्याकडे पाहिलं. मीठ आणायला पाठवलेल्या मुलीने साखर आणल्यावर बघतात तसं.

"बरोबर आलं तुझं," ती म्हणाली.

मी म्हटलं, चुकून आलं.

समोरच्या काकूंचं मौन त्याच क्षणी सुटलं. दाराशी पोहोचेपर्यंत त्यांनी सांगून टाकलं की सभेत त्या हेच सांगायला हात वर करून उभ्या होत्या, की ना डॉक्टर ना मॅनेजर, आणि लोकशाहीत एकट्या माणसाचं कोणी ऐकत नाही. मग सेक्रेटरींना गाठायचं म्हणून त्या रिक्षा करून पुढे गेल्या.

आम्ही दोघी चालत निघालो. आई काही बोलत नव्हती. मीही नाही. माझं बरोबर आलं होतं, त्यामुळे बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पटवायचं काय आणि कोणाला? दुकानं उघडी होती, माणसं येत जात होती. आई पदर सावरत खाली बघून चालत होती, आणि एवढा खटाटोप करून आपण हिला आणखी एकदा एकटीला घरी घेऊन चाललोय असं मला वाटत होतं.

चपलांच्या दुकानापाशी ती थांबली. काचेतल्या सँडल्स बघितल्या.

"मला नाही पटलं," ती म्हणाली.

"काय?"

"ती नवरी. ती असूच शकत नाही. सिनेमावाला चुकलाय."

मी म्हटलं, "अगं आई, तिने स्वतः कबूल केलं."

"कबूल काय, कोणीही करतं. एवढी माणसं अंगावर आल्यावर घाबरली असेल पोरगी." आईने हातातली पर्स उभी धरली. "ही बघ लिफ्ट. हा पियानोवाला इथे. आता मला सांग, सँडल जर आतून अडकली तर..."

मी सिनेमावाल्याची बाजू घेतली. कोणीतरी घ्यायला हवी होती. आईने माझी दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाली की पुस्तकं वाचून माणसाची अक्कल वाढते असं नाही. मी आणखी जोर केला. तिने आणखी. आमच्या गल्लीचं वळण आलं आणि मागे पडलं. ते आम्हा दोघींनाही दिसलं, पण जुळ्या भावांचा प्रश्न अजून सुटायचा होता, म्हणून आम्ही चौकाला वळसा घालून लांबच्या रस्त्याने निघालो.

घर आलं तेव्हा खुनी अजून सापडला नव्हता.